लॅकर लवकर वाळतो, पण सावकाश बसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कपाटाच्या चार दारांना तुम्ही गडद निळा लॅकर स्प्रे गनने मारला. एकाच दुपारी सहा हात, म्हणजे थर, दिले, दुसऱ्या दिवशी वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या बारीक पेपरने) घोटले, तिसऱ्या दिवशी रबिंग कंपाउंड (चकाकी आणणारी घासायची पेस्ट) फिरवून दारे बसवली. त्या दिवशी त्यांत चेहरा दिसत होता. महिन्याभरात मात्र पेपरच्या रेषा वर आल्या, कडांना खरखरीत पट्टा दिसू लागला, एका दारावर पांढुरकी झाक राहिली, आणि आता तुम्ही विचारता आहात की दोष रंगाचा, गनचा की हाताचा, आणि गुळगुळीत व टिकाऊ काम नेमके कसे करायचे.

रंग आणि गन दोन्ही ठीक असावेत, आणि तुमचा हातही; नाहीतर तिसऱ्या दिवशी त्या दारांत चेहरा दिसलाच नसता. चुकला तो दिवसांचा हिशेब. लॅकरला वाळायला मिनिटे लागतात आणि बसायला आठवडे, आणि या दोहोंत होणारी गल्लत हेच लॅकरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ असते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. म्हणून आधी हे बसणे म्हणजे काय ते सांगतो. ते एकदा उमगले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

ज्याला आपण लॅकर किंवा ड्युको म्हणतो त्यात नायट्रोसेल्युलोज, राळ, पापुद्र्याला लवचीकपणा देणारा प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य हे सगळे द्रावकांत मिसळलेले असते. ड्युको हे मुळात एका उत्पादनाचे नाव आहे. ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स यांनी तो १९२३ साली मोटारींसाठी आणला, आणि व्हार्निशच्या रंगाने मोटार रंगवून वाळवायला जे आठवडे लागत ते काम दिवसांवर आले. पुढे कारागिरांच्या तोंडी तो शब्द असा रुळला की डबा कोणाचाही असो, नाव ड्युकोच. वेगाची ती ख्याती खरी आहे, पण तिनेच अनेकांना फसवले आहे. इनॅमल हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो, दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतो. लॅकरमध्ये असे काहीच घडत नाही. द्रावक उडून जातो आणि मागे पापुद्रा राहतो, एवढेच. त्यामुळे वर्षभरानेही त्यावर थिनर टाकला तर तो पुन्हा विरघळतो. याचा फायदा असा की नवा हात जुन्या हातात वितळून दोन्हींचा एकच पापुद्रा होतो. तोटा असा की प्रत्येक नव्या हाताबरोबर खालचे सगळे हात पुन्हा ओले होतात, आणि वरचा भाग दहा मिनिटांत हाताला कोरडा लागला तरी तळातला द्रावक बाहेर यायला कितीतरी दिवस घेतो. तो बाहेर येत असताना पापुद्रा आक्रसतो.

आता आकडे मांडून पाहा. समजा, सपाट भागावर पापुद्रा १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड आहे आणि खाली प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, राहिलेल्या पेपरच्या रेषेच्या खोबणीत तो १४० मायक्रॉन भरला आहे. तुम्ही वरून घोटून दोन्ही एका पातळीवर आणले. पुढच्या काही आठवड्यांत अडकलेला द्रावक उडून पापुद्रा दहा टक्क्यांनी बसला, तर सपाट भाग १० मायक्रॉन खाली जाईल आणि खोबणीवरचा १४. फरक फक्त ४ मायक्रॉनांचा. पण गडद, चकचकीत रंगावर तिरप्या उजेडात तेवढासुद्धा डोळ्याला खटकतो. तुमच्या दारांवरच्या रेषा अशा वर आल्या. त्या नव्याने पडलेल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून खाली होत्याच, लॅकरने त्या काही दिवस झाकल्या होत्या.

हे मी स्वतःच्या हाताने केलेल्या नुकसानीतून शिकलो आहे. एका मोठ्या काळ्या टेबलटॉपवर लाकडाची शेवटची घोटाई मी १८० नंबरच्या पेपरवर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) थांबवली, वरून आठ हात भरून मारले आणि चौथ्या दिवशी कंपाउंड करून तो देऊन टाकला. दीड महिन्याने तो परत आला तेव्हा लाकडाचे रंध्र अन् रंध्र मोजता येत होते आणि माझा हात कोणत्या दिशेने फिरला होता तेही वाचता येत होते. सगळा रंग काढून पहिल्यापासून काम केले. तेव्हापासून मी शेवटच्या हाताइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, पहिल्या हाताआधीच्या कामाकडे लक्ष देतो.

एमडीएफचे दोन स्वभाव आहेत. त्याची सपाट बाजू दाबून घट्ट झालेली असते आणि रंगाला फारसा त्रास देत नाही. कापलेली कड मात्र स्पंजासारखी असते. तिथले तंतू उघडे असतात आणि दिलेला पहिला हात ते पिऊन टाकतात, फुगतात आणि ताठ उभे राहतात. तुमच्या कडांवरचा खरखरीत पट्टा हाच आहे. यावर उपाय असा की कड आधी १८० आणि मग २४० नंबरने घोटावी, धारदार कोपरा दीड-दोन मिलिमीटर गोल करावा, आणि कडेला दोन घटकांचा पीयू सीलर किंवा प्रायमर पातळ करून द्यावा. तो पूर्ण कडक झाल्यावर उभे राहिलेले तंतू ३२० नंबरने साफ करून दुसरा हात द्यावा. कड नखाने चाचपल्यावर काचेसारखी लागेपर्यंत रंगाची गन हातात घेऊ नये. कोपरा गोल करण्याला आणखी एक कारण आहे: ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथे पापुद्रा सर्वांत पातळ राहतो, घोटताना पेपरही तिथेच आधी लागतो, आणि वापरात धक्काही त्यालाच बसतो.

काम भरीव लाकडावर असेल, तर लाकडातला ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत असावा. १२०, १५०, १८०, २२० असे नंबर क्रमाने घ्यावेत आणि मधला एकही गाळू नये. १२० वरून थेट २२० वर उडी मारली तर १२० च्या रेषा तशाच राहतात, फक्त त्यांचे काठ गुळगुळीत होतात. नंतर ओलसर फडक्याने पुसून तंतू उभे राहू द्यावेत आणि वाळल्यावर वापरलेल्या २२० ने हलके कापून टाकावेत. एमडीएफवर हा पाण्याचा प्रयोग करू नये. ज्या लाकडाची रंध्रे उघडी असतात त्यावर ग्रेन फिलर चोळून भरावा लागतो, कारण रंगाचे हात वाढवून रंध्रे भरू पाहणे म्हणजे वर सांगितलेल्या आक्रसण्याला आमंत्रण आहे. धातूवर गंज आणि तेल पूर्ण काढून धातूसाठीचा प्रायमर द्यावा. तिथे याहून वेगळे विशेष काही नाही.

जुन्या रंगावर लॅकर मारायचा असेल तर एका आडबाजूला थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरावा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर खाली लॅकर आहे आणि वर लॅकर चालेल. रंगाला सुरकुत्या पडल्या तर खाली इनॅमल आहे; त्यावर लॅकर मारल्यास सगळ्या पृष्ठभागाची तशीच अवस्था होईल, म्हणून तो काढून टाकणे उत्तम. काहीच झाले नाही तर खाली बहुधा दोन घटकांचा रंग आहे, आणि तो ३२० ने नीट घोटून पुढे जाता येते. खाली काय आहे याचा भरवसा नसेल तेव्हा मेण काढलेल्या चपडा लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, एक पातळ हात मध्ये पडदा म्हणून देतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लॅकरच्या थिनरला ती बऱ्यापैकी दाद देत नाही.

पुट्टीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची, पुट्टी ही लॅकरचीच घट्ट बहीण आहे, म्हणजे तीही द्रावक उडून बसते. पातळ ओरखडे आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे भरायला ती उत्तम, पण एक मिलिमीटरचा खड्डा तिने एका दमात भरला तर वरची साय सुकते, आतला लगदा महिनाभर ओला राहतो आणि रंग चढल्यावर तिथे बशीसारखा खोलगट डाग दिसतो. खोल खड्ड्यासाठी हार्डनरची पॉलिएस्टर पुट्टी घ्यावी. प्रायमर किंवा सरफेसरचे दोन-तीन हात झाल्यावर, वाळलेल्या पृष्ठभागावर लांबून काळ्या रंगाची अगदी विरळ धूळ उडवावी आणि ३२० नंबरचा पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून घोटावे. उंचवट्यांवरचा काळा रंग लगेच निघतो आणि खळग्यांतला तसाच राहतो. जोवर एकही काळा ठिपका शिल्लक आहे तोवर पृष्ठभाग सपाट नाही. ठोकळ्याशिवाय, नुसत्या बोटांनी घोटू नये. बोटांचा दाब सारखा नसतो, आणि चार बोटांच्या चार नाल्या चकचकीत रंगाखाली हमखास दिसतात.

रंगाच्या डब्यापेक्षा थिनरच्या डब्याकडे अधिक लक्ष द्यावे, हे सांगून पटत नाही, पण खरे आहे. चांगल्या लॅकर थिनरमध्ये नायट्रोसेल्युलोजला खरोखर विरघळवणारे द्रावक असतात, जसे ब्यूटिल अॅसिटेट, इथिल अॅसिटेट किंवा कीटोन वर्गातले द्रावक. त्यांना जोड देणारी ब्यूटेनॉलसारखी अल्कोहोले असतात. आणि टोल्युइन किंवा झायलिनसारखे स्वस्त द्रव असतात, जे एकटे नायट्रोसेल्युलोज विरघळवू शकत नाहीत, फक्त पातळ करतात. हलक्या थिनरमध्ये हा तिसरा वर्ग भरमसाट असतो. गनमधून निघताना सगळे ठीक दिसते, पण खरा द्रावक आधी उडाला तर नायट्रोसेल्युलोज कापसाच्या बारीक तंतूंसारखे साकळते आणि चमक मरते. गन धुण्यासाठी विकला जाणारा थिनर म्हणूनच रंगात घालू नये. शंका असेल तर बिनरंगी लॅकर त्या थिनरने पातळ करून स्वच्छ काचेवर ओतावा आणि वाळल्यावर काच उजेडाकडे धरून पाहावी. पापुद्रा काचेइतकाच पारदर्शक हवा.

तुमच्या एका दारावरची पांढुरकी झाक बहुधा हवेतल्या ओलाव्याची आहे. द्रावक झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा बराच थंड होतो. हवा दमट असेल तर थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जसे दव जमते तसे ते ओल्या लॅकरवर जमते, आणि पापुद्र्यात अडकून त्याला दुधी करते. २० ते २७ अंश सेल्सियस तापमान आणि ६५ टक्क्यांच्या आत आर्द्रता असेल तर हा त्रास सहसा होत नाही. आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की मी गन खाली ठेवतो. थांबणे शक्यच नसेल तर थिनरमध्ये पाच ते दहा टक्के रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा द्रावक, घालतात. त्याने पापुद्रा जास्त वेळ उघडा राहतो आणि ओलावा निघून जातो, पण त्याच प्रमाणात लॅकर बसायलाही जास्त दिवस घेतो. रिटार्डर हे औषध आहे, रोजचा खुराक नव्हे.

गनसाठी १.३ ते १.५ मिलिमीटरचा नोझल पुरतो. क्रमांक ४ चा फोर्ड कप (रंगाचा पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला पेला) सुमारे १८ ते २२ सेकंदांत रिकामा होईल इतका रंग पातळ करावा आणि प्रत्येक वेळी गाळून घ्यावा. साध्या गनला दोन ते तीन बार हवा लागते. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनला तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे द्यावी. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. मनगट वळवून कमानीत फवारू नये. हात खांद्यापासून सरळ न्यावा, म्हणजे कडेला आणि मध्यभागी अंतर सारखे राहते. ट्रिगर कडेच्या बाहेर दाबावा आणि दुसऱ्या कडेच्या बाहेर गेल्यावरच सोडावा. प्रत्येक पट्ट्याने आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाकावा.

हे सगळे हिशेब बरोबर जुळले आहेत की नाही हे मात्र प्रकाशच सांगतो. फवारताना ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पृष्ठभागावर पडेल असे उभे राहावे आणि गनकडे न पाहता त्या प्रतिबिंबाकडे पाहावे. फवारा पडताच प्रतिबिंबाची कड आधी दाणेदार दिसते, मग दोन-तीन सेकंदांत ते दाणे एकमेकांत मिसळून कड ताठ, सरळ रेषेसारखी होते. तसे झाले तर हात योग्य पडला. दाणे मिसळलेच नाहीत तर रंग हवेतच अर्धा वाळतो आहे: अंतर जास्त, रंग घट्ट किंवा हात फार वेगाने चालतो आहे, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होणार. रेषा सरळ होऊन लगेच खाली झुकू लागली तर ओघळ येणार, तेव्हा पुढचा पट्टा वेगाने न्यावा. आलेला ओघळ ओल्यात पुसायला जाऊ नये; तो पूर्ण कडक झाल्यावर धारदार पात्याने खरवडून ठोकळ्याने घोटावा. मी शिकत होतो तेव्हा प्रत्येक ओघळाला बोट लावत असे आणि एकाचे दोन दोष करत असे.

लॅकर ब्रशनेही मारता येतो, पण त्यासाठी सावकाश वाळणारा खास लॅकर घ्यावा, मऊ केसांचा ब्रश भरून घ्यावा, आणि एकदा दिलेल्या पट्ट्यावर परत जाऊ नये. दुसऱ्या वेळी ब्रश खालचा अर्धवट सुकलेला थर ओढून आणतो.

फवाऱ्यानंतर गोल गोल खळगे पडून मध्ये खालचा थर दिसू लागला तर तिथे सिलिकॉन, मेण किंवा तेल आहे. असल्या जागेवर रंग भरत राहण्याने काहीच साधत नाही. वाळू द्यावे, घोटावे, मेण-तेल काढणाऱ्या द्रवाने स्वच्छ फडक्यांनी पुसावे, आणि पहिला हात अगदी धुक्यासारखा द्यावा. जिथे फवारायचे त्या खोलीत सिलिकॉनचे पॉलिश किंवा वंगण उघडूसुद्धा नये.

गनबरोबरच जिवाच्या काळजीचेही सांगायला हवे. लॅकरचे द्रावक सहज पेट घेतात. अॅसिटोनच्या वाफा शून्याखाली २० अंशांना, तर टोल्युइनच्या वाफा शून्यावर अवघ्या चार अंशांना ठिणगीने पेटू शकतात. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचतात. साधा पंखा, चालू शेगडी, ठिणगी पाडणारे विजेचे बटण यांपैकी काहीही फवाऱ्याच्या खोलीत नको. हवा बाहेर काढणारा पंखा ठिणगी न पाडणाऱ्या मोटरचा हवा. नायट्रोसेल्युलोजची वाळलेली धूळ स्वतःच अत्यंत ज्वलनशील असते, म्हणून पंख्याच्या पात्यांवर आणि जमिनीवर साचलेला भुगा रोज ओला करून काढावा. मास्क सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्बन काडतुसांचा घ्यावा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ थांबवत नाही, आणि काही वेळाने वास येईनासा झाला तर त्याचा अर्थ इतकाच की नाक बधिर झाले आहे.

आता हातांचे वेळापत्रक. पातळ केलेल्या लॅकरमध्ये घन भाग आकारमानाने साधारण १५ टक्के धरला, तर १०० मायक्रॉनच्या ओल्या हातातून १५ मायक्रॉनचा कोरडा पापुद्रा मिळतो. म्हणजे सहा हातांचे ९० मायक्रॉन, आणि घोटाईत त्यातले दहा-पंधरा जाणार. शेवटी ७५ ते १०० मायक्रॉन राहिले तर चमक, खोली आणि मजबुती तिन्ही मिळतात. १२५ च्या फार पुढे जाऊ नये; जाड लॅकर ठिसूळ असतो आणि थंडी-उष्णतेच्या फेऱ्यांत त्याला केसासारखे तडे जातात. एका दिवशी तीनच हात द्यावेत, प्रत्येकात किमान अर्धा-पाऊण तास ठेवून. रात्र जाऊ द्यावी. सकाळी ४०० नंबरने ठोकळ्यावर हलके घोटावे. पेपरवर कोरडी पूड पडली तर पुढे जावे, रंगाच्या गुठळ्या चिकटल्या तर आणखी एक दिवस थांबावे. मग पुन्हा तीन हात. शेवटचा हात थोडा जास्त पातळ करून द्यावा, म्हणजे तो चांगला पसरतो.

त्यानंतर काम बंद. पूर्ण चकाकीचे, गडद रंगाचे काम असेल तर तीन ते चार आठवडे, हलक्या रंगाचे किंवा साध्या चमकीचे असेल तर किमान दोन, तेही उबदार आणि वारा खेळता असलेल्या जागी, दारे उभी करून दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी. दिवस भरले की नाही हे नाकाला विचारावे. दाराला दहा मिनिटे प्लास्टिकने झाकून ठेवावे आणि उघडताच वास घ्यावा. थिनरचा वास आला तर आतून द्रावक अजून निघतो आहे. आडबाजूला नख दाबूनही पाहावे, ठसा उमटता कामा नये.

मग वॉटर पेपर. आधी १००० नंबर, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा फार असेल तरच ८००, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, रबरी ठोकळ्यावर, हलक्या हाताने. मध्ये मध्ये रबरी पट्टीने पाणी ओढून पृष्ठभाग कोरडा पाहावा: घोटलेला भाग निस्तेज दिसतो आणि खळगे चमकत्या बेटांसारखे दिसतात. बेटे लहान लहान होत नाहीशी झाली की त्याच क्षणी थांबावे. घोटताना पाणी रंगाचे होणे स्वाभाविक आहे, पण प्रायमरचा रंग दिसला तर पापुद्रा संपला. कडांपासून सेंटिमीटरभर जागा शेवटपर्यंत राखून ठेवावी आणि ती शेवटी दोन-चार हातांत उरकावी. पुढे १५०० आणि २०००, मग रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. मशिनचे बफ (पॉलिश करणारी गादी) एका जागी थांबू देऊ नये. लॅकर उष्णतेने मऊ होतो आणि क्षणात जळका डाग पडतो. मेण लावायचे असेल तर अगदी शेवटी, तेही सिलिकॉन नसलेले, कारण पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर सिलिकॉनने घात होतो. मॅट किंवा साटिन लॅकरला मात्र घोटू नये. त्यातली सिलिका पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा ठेवून चमक मारते, आणि जिथे घासाल तिथे चमकता चट्टा पडेल. मॅटचा शेवटचा हात गनमधून जसा पडेल तसाच राहतो, म्हणून मॅट काम सोपे समजू नये.

टिकाऊपणाचे म्हणाल तर लॅकरच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तो ओरखडा सोसतो आणि दुरुस्तीला अतिशय सोपा आहे, कारण नवा हात जुन्यात वितळतो. पण गरम भांडे, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचा द्रव यांच्यापुढे तो टिकत नाही, पांढरा लॅकर काळाबरोबर पिवळट होतो, आणि मऊ व्हिनाइलचे पाय असलेली वस्तू महिनोन्‌महिने ठेवली तर व्हिनाइलमधला प्लास्टिसायझर लॅकरमध्ये उतरून तो चिकट होतो. ओट्याखालची, न्हाणीघरातली किंवा रोज पुसली जाणारी दारे असतील तर मी लॅकर सुचवणार नाही. तिथे दोन घटकांचा पीयू बरा. शयनगृहातल्या कपाटाला लॅकर छान चालतो.

तुमची दारे तशी चांगल्या स्थितीत आहेत, सगळा रंग काढायची गरज नाही. ती उतरवून आधी जिथे पॉलिश किंवा मेण लागले असेल ते साफ करा. पांढुरकी झाक असलेल्या दारावर, कोरड्या हवेच्या दिवशी, थिनरमध्ये निम्मा रिटार्डर घालून नुसते धुके फवारा, पृष्ठभाग जेमतेम ओलसर होईल इतके. झाक पापुद्र्याच्या वरच्या भागात असेल तर काही मिनिटांत निळा रंग परत गडद होईल. तशीच राहिली तर ती खालच्या हातांत पुरली गेली आहे आणि तेवढे दार घोटून उतरवावे लागेल. कडांचा पट्टा ३२० ने सपाट करा, तंतू उघडे पडले तर तिथे पीयू सीलर द्या. बाकीच्या पृष्ठभागाला आता महिना उलटला आहे, म्हणजे जे बसायचे ते बहुतेक बसून झाले आहे, आणि रेषा आता जितक्या दिसतात तितक्याच खऱ्या आहेत. ६०० नंबरने ठोकळ्यावर त्या पूर्ण जाईपर्यंत घोटा, दोन पातळ हात द्या, आणि दारांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहून ती एका भिंतीला टेकवून ठेवा. त्या तारखेला चार आठवडे झाल्याशिवाय कंपाउंडचा डबा उघडू नका.